तारण ठेवलेला देह

नोव्हेंबर २०२३ मध्ये हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावच्या दहा शेतकऱ्यांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिले आणि त्यात दर लिहून दिले. किडनी ७५ हजार, यकृत ९० हजार, डोळे २५ हजार. पीक हातचे गेले, बँकेचे कर्ज फिटत नाही, तेव्हा सरकारने हे अवयव विकत घ्यावेत आणि आमचे कर्जखाते मिटवावे, एवढीच त्यांची मागणी होती.

महाराष्ट्राला असे पत्र नवे नव्हते. २००६ च्या सुमारास अमरावती जिल्ह्यातल्या शिंगणापूरच्या गावकऱ्यांनी किडनी विक्री केंद्र उघडल्याचा फलक लावला होता आणि उद्घाटनासाठी राष्ट्रपती-पंतप्रधानांना आमंत्रण धाडले होते. नाशिक जिल्ह्यात, देवळा तालुक्यातल्या माळवाडीने मार्च २०२३ मध्ये अख्खे गावच विकायला काढले. त्या हंगामात लाल कांद्याचे भाव इतके कोसळले होते की काढणीची मजुरी आणि गाडीभाडे वजा जाता शेतकऱ्याच्या हाती काही राहत नव्हते. फेब्रुवारीच्या अखेरीस लासलगावच्या बाजार समितीत शेतकऱ्यांनी लिलाव बंद पाडले, आणि त्यानंतर काही दिवसांतच माळवाडीची बातमी आली.

ही सगळी निषेधाची भाषा होती. किडनी कायद्याने विकता येत नाही, हे पत्र लिहिणाऱ्यांना ठाऊक होते आणि वाचणाऱ्यांनाही. त्या पत्राची धार त्या बंदीतच होती. पण ही बंदी उठवावी, अवयवांची खरेदी-विक्री कायदेशीर करून तिच्यावर सरकारी देखरेख ठेवावी, असे गंभीरपणे मांडणारी माणसे जगभर आहेत, भारतातही आहेत, आणि त्यात नामवंत शल्यविशारद आणि तत्त्वज्ञ आहेत. त्यांचा युक्तिवाद झटकून टाकण्याजोगा नाही. मात्र तो ऐकताना महाराष्ट्राने एक गोष्ट विसरू नये. हा प्रयोग इथे एकदा होऊन गेला आहे. जवळजवळ पंधरा वर्षे मुंबईत किडनी विकणे हा गुन्हा नव्हता. आणि कर्जापोटी माणसाचे शरीर दुसऱ्याच्या हाती जाण्याचा इतिहास तर त्याहून कितीतरी जुना आहे.

अठराव्या शतकातल्या मराठी कागदपत्रांत कुणबिणींच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी सापडतात. कुणबीण म्हणजे विकत घेतलेली दासी. तिला किंमत असे, ती भेट म्हणून देता येई. दुष्काळात आईबापांनी पोटची मुले विकल्याचेही दाखले आहेत. १८४३ मध्ये कंपनी सरकारने कायदा केला की माणसावरचा मालकी हक्क कोणतेही न्यायालय मान्य करणार नाही. पुढे १८६० च्या दंडसंहितेने गुलामांचा व्यापार हा गुन्हाच ठरवला. माणूस विकणे कागदोपत्री संपले. गहाण पडणे मात्र संपले नाही.

ठाणे जिल्ह्यातल्या आदिवासी पाड्यांवर लग्नगडी हा शब्द कालपरवापर्यंत रोजच्या बोलण्यातला होता. लग्नासाठी शेठकडून काही शे रुपये घ्यायचे आणि ते फिटेपर्यंत नवराबायकोने त्याच्या शेतावर राबायचे. फिटणे कधी होत नसे, कारण हिशेब शेठच्या वहीत असे. १९७५ च्या वटहुकमाने आणि १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी देशभर बंद झाली. तरी १९८० च्या दशकात वसई परिसरात विवेक पंडित आणि त्यांच्या श्रमजीवी संघटनेला असे गडी एकेक करून सोडवावे लागले.

नाशिकने हे दूरच्या जिल्ह्याचे दुखणे समजू नये. सप्टेंबर २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातल्या उभाडे इथल्या कातकरी वस्तीतील दहा वर्षांची एक मुलगी मरण पावली आणि त्यानंतर जे बाहेर आले त्याने जिल्हा हादरला. कातकरी कुटुंबांतली मुले थोड्या पैशांवर, एखाद्या मेंढीच्या बदल्यात मेंढपाळांकडे राबायला दिली गेली होती. मुंबई-नाशिक महामार्गापासून हे सगळे हाकेच्या अंतरावर होते.

याच माळेतली आणखी एक गोष्ट अवयवांच्या प्रश्नाच्या अगदी जवळची आहे. ऊसतोडीला जाताना मुकादमाकडून उचल घेतली जाते. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि उचल त्या कोयत्यावर. एक दिवस चुकला की खाडा पडतो आणि तो उचलीच्या हिशेबात चढतो. पाळीच्या दिवसांत, अंगावरून जात असताना, फडात उभे राहणे जमत नाही, आणि खाडा परवडत नाही. मग डॉक्टर सांगतो, पिशवी काढून टाका. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने चौकशी केली तेव्हा पाहणी झालेल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड बायकांपैकी १३ हजार ८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. यातल्या प्रत्येक शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर सही किंवा अंगठा असणार. त्या सहीमागे उचलीचा आकडा होता की खरा आजार, हे कागदावरून कळत नाही.

आता मुंबईकडे वळू. १९६५ मध्ये केईएम रुग्णालयात देशातला मूत्रपिंड प्रत्यारोपणाचा पहिला प्रयत्न झाला. रुग्ण फार दिवस जगला नाही. १९७१ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात जिवंत दात्याच्या मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण यशस्वी झाले. त्या काळी दाता रक्ताच्या नात्यातला असावा लागे, कारण परक्याचे मूत्रपिंड शरीर झिडकारत असे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सायक्लोस्पोरिन हे औषध आले आणि चित्र पालटले. आता परक्याची किडनीही टिकू लागली. विज्ञानाच्या या मोठ्या यशाने एक दार उघडले आणि त्या दारातून बाजार आत आला.

मुंबई या बाजाराला सर्वच अर्थांनी सोयीची होती. कसबी शल्यचिकित्सक होते, खासगी रुग्णालये वाढत होती, आखाती देशांतून विमाने थेट येत होती, आणि शहरात, शहराबाहेर, कर्जात बुडालेल्या माणसांना तोटा नव्हता. किडनी हवी असल्याच्या जाहिराती वर्तमानपत्रांत छापून येत. एजंट दाता हेरत, तपासण्या करवत, सौदा ठरवत. यातले काहीही लपूनछपून करण्याची गरज नव्हती, कारण विक्रीला मनाई करणारा कायदाच नव्हता. १९८२ मध्ये महाराष्ट्राने मूत्रपिंड प्रत्यारोपणाचा स्वतंत्र राज्य कायदा केला होता, पण त्याने या बाजाराला लगाम बसला नाही.

या खुल्या बाजाराचे फळ काय मिळाले? विकत घेणाऱ्यांच्या बाजूने त्याचा पुरावा १९९० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. संयुक्त अरब अमिरात आणि ओमानमधल्या १३० रुग्णांनी मुंबईत येऊन किडन्या विकत घेऊन बसवून घेतल्या होत्या. परतल्यावर त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी त्यांचा मागोवा घेतला. वर्षभरात त्यांतले जवळजवळ पाचातले एक मरण पावले होते. काहींना नव्या किडनीबरोबर कावीळ आणि एचआयव्हीची लागण झाली होती. घाई, अपुऱ्या तपासण्या आणि एजंटने लपवलेली माहिती यांचा हा परिणाम होता. पैशासाठी किडनी देणारा माणूस आपला आजार सांगत नाही. सांगितला तर सौदा मोडतो.

विकणाऱ्यांचे पुढे काय झाले, हे मात्र मुंबईत कोणी पाहिले नाही. मोठ्या शहराच्या गर्दीत ती माणसे मिसळून गेली. या विषयाच्या इतिहासातली ही सर्वांत लाजिरवाणी पोकळी आहे. रुग्णाच्या रक्तातल्या क्रिएटिनिनची नोंद दर आठवड्याला होत होती आणि ज्याच्या कमरेतून ती किडनी निघाली त्याचा पत्ताही कोणाच्या वहीत नव्हता.

अखेर या बाजाराला बंदी घालणारा केंद्रीय कायदा आला. तो घडवण्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे आणि हे फारसे कोणाला ठाऊक नसते. सार्वजनिक आरोग्य हा राज्यांचा विषय. त्यावर संसदेला कायदा करायचा तर राज्यांनी ठराव करून तशी विनंती करावी लागते. असे ठराव महाराष्ट्र, गोवा आणि हिमाचल प्रदेश या तीन विधानसभांनी केले. मेंदूमृत्यूची व्याख्या आणि इतर बाबींवर डॉ. एल. एम. सिंघवी यांच्या समितीने १९९१ मध्ये विचार केला होता. मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याला ८ जुलै १९९४ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि ४ फेब्रुवारी १९९५ पासून तो लागू झाला. मेंदूमृत्यू म्हणजे मृत्यू हे कायद्याने मान्य झाले, आणि अवयवासाठी पैसे देणे-घेणे गुन्हा ठरले.

कायद्यात एक फट राहिली. जवळचा नातेवाईक नसलेली व्यक्तीही रुग्णावरील जिव्हाळ्यापोटी किंवा अन्य विशेष कारणाने अवयव देऊ शकते, फक्त प्राधिकृत समितीची परवानगी हवी. तरतूद हेतूने चांगली होती. जिवलग मित्रासाठी किडनी देणारी माणसे असतात. पण मोलकरीण मालकिणीच्या प्रेमापोटी, वॉचमन शेठच्या प्रेमापोटी किडनी देऊ लागला. प्रतिज्ञापत्रे टंकलेली असत, जिव्हाळा शब्दाशब्दांत सारखाच असे. जिव्हाळ्याची वाट अवघड झाली तशी नाती बनवली जाऊ लागली. २०१६ मध्ये पवईच्या आणि २०२२ मध्ये पुण्याच्या एका मोठ्या रुग्णालयातील प्रकरणांत दाता स्त्रीला रुग्णाची पत्नी म्हणून कागदोपत्री उभे केल्याचा आरोप झाला. पुण्याच्या प्रकरणात कोल्हापूरच्या बाईला १५ लाख कबूल केले होते. ते न मिळाल्याने तिने तोंड उघडले.

या धंद्यातला सर्वांत कुप्रसिद्ध माणूस मूळचा महाराष्ट्रातलाच. संतोष राऊत ऊर्फ अमित कुमार. आयुर्वेदाचे शिक्षण घेतलेल्या या माणसाला १९९० च्या दशकात मुंबईत अटक झाली होती. जामिनावर सुटून तो पसार झाला आणि जानेवारी २००८ मध्ये गुडगावातल्या एका घरात त्याने चालवलेले किडनी केंद्र उघडकीला आले. तो नेपाळमध्ये पकडला गेला, आणि २०१३ मध्ये पंचकुलाच्या सीबीआय न्यायालयाने त्याला सात वर्षांची शिक्षा सुनावली. डिसेंबर २०१५ मध्ये अकोल्यात सावकारीच्या पाशात अडकलेल्या माणसांना किडनी विकायला लावण्याचे प्रकरण निघाले. शस्त्रक्रिया श्रीलंकेत झाल्या होत्या. डिसेंबर २०२५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने सावकाराच्या तगाद्यापायी कंबोडियात जाऊन आठ लाखांना किडनी विकल्याचे सांगितले.

विक्री कायदेशीर करा म्हणणारे नेमके इथेच बोट ठेवतात. बंदीने धंदा थांबला नाही, तो फक्त अंधारात आणि परदेशात गेला. उघड्यावर आणला तर दर ठरेल, विमा मिळेल, एजंट हटेल, आणि डायलिसिसवर दिवस मोजणारी माणसे वाचतील. मद्रासचे शल्यचिकित्सक डॉ. के. सी. रेड्डी यांनी १९८० च्या दशकातच मोबदल्यासह दानाची बाजू जाहीरपणे मांडली होती. इराणने १९८८ पासून सरकारी देखरेखीखाली मोबदला देणारी व्यवस्था उभारली, आणि १९९९ पर्यंत तिथली किडनीची प्रतीक्षायादी संपल्याचे सांगण्यात आले. ज्याच्या घरात कोणी आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या खुर्चीवर बसते, त्याला हे मुद्दे पुस्तकी वाटणार नाहीत.

पण विकणाऱ्याच्या घरात काय घडते तेही आकड्यांनी सांगता येते. २००१ मध्ये माधव गोयल आणि सहकाऱ्यांनी चेन्नईत किडनी विकलेल्या ३०५ जणांच्या मुलाखती घेतल्या, आणि पुढच्या वर्षी त्या अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाल्या. ९६ टक्के लोकांनी कर्ज फेडण्यासाठी किडनी विकली होती. सरासरी १,४१० डॉलर कबूल झाले होते, हाती पडले १,०७०. विक्रीला सरासरी सहा वर्षे उलटली होती, आणि त्यांतले तीनचतुर्थांश लोक अजूनही कर्जातच होते. कुटुंबाचे उत्पन्न एकतृतीयांशाने घटले होते. बहुतेकांची प्रकृती खालावली होती. तुमच्यासारख्या दुसऱ्या कोणाला किडनी विकायचा सल्ला द्याल का, या प्रश्नावर ७९ टक्के लोकांनी नाही म्हटले. इराणमध्येही करमानशाहच्या दात्यांची पाहणी झाली तेव्हा बहुसंख्यांनी पुन्हा संधी मिळाली तर असे करणार नाही असेच सांगितले. तिथे तर विक्री कायदेशीर होती.

उत्पन्न का घटते, हे समजायला वैद्यकीय पदवी लागत नाही. चेन्नईचे बहुतेक विक्रेते अंगमेहनतीवर जगणारे होते, आणि तेव्हा कुशीत लांब छेद घेऊन किडनी काढली जाई. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागेतला मजूर डोळ्यांपुढे आणावा. फवारणीचा भरलेला पंप वीसेक किलोचा. तो पाठीवर घेतला की पट्टा आणि पत्रा नेमके कुशीवर घासतात. क्रेट उचलायचा तर कंबरेत वाकावे लागते. पूर्वी पूर्ण मजुरीवर जाणारा माणूस आता हलक्या कामावर जातो, आणि हलक्या कामाची मजुरी कमी असते. कर्ज मुळात ज्या कारणाने झाले ते कारण, म्हणजे पडलेला भाव, आजारपण, सावकाराचे व्याज, जागच्या जागीच असते. फेडायची ताकद तेवढी घटते.

बंदीने तुटवडा वाढेल, हा धाक महाराष्ट्राने आणखी एका बाबतीत ऐकला आहे. रक्त विकून जगणारी माणसे एके काळी मोठ्या रुग्णालयांच्या आसपास असत. ४ जानेवारी १९९६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने धंदेवाईक रक्तदात्यांची पद्धत मोडीत काढायला सांगितले, आणि १ जानेवारी १९९८ पासून ती बंद झाली. रुग्ण रक्ताविना मरतील, असे तेव्हाही म्हटले गेले. आज ऐच्छिक रक्तदानात महाराष्ट्र देशात आघाडीवर आहे. शिवजयंतीला, गणेशोत्सवात, एखाद्याच्या वाढदिवसाला मंडळाने रक्तदान शिबिर घेणे ही नाशिकच्या गल्लीबोळातली रीतच झाली आहे. रक्त पुन्हा भरून येते आणि किडनी येत नाही, हा फरक खराच. म्हणून तर अवयवांच्या बाबतीत खरी आशा मृत दात्यांकडून आहे. २०२३ मध्ये देशभरात १८ हजारांहून अधिक प्रत्यारोपणे झाली, पण मेंदूमृत्यूनंतर अवयव देणारे होते अवघे १,०९९. दहा लाख लोकसंख्येमागे एकही नाही. नाशिक जिल्हा पुण्याच्या विभागीय समन्वय केंद्राशी जोडलेला आहे. मुंबई-आग्रा आणि पुणे महामार्गांवर डोक्याला मार लागून अतिदक्षता विभागात आलेल्या किती रुग्णांची मेंदूमृत्यूची तपासणी होते, किती नातेवाइकांना कोणी नीट बसवून विचारते, हा प्रश्न प्रत्येक मोठ्या रुग्णालयाला विचारला पाहिजे. गरिबाची किडनी विकत घेण्याआधी हे काम संपलेले असायला हवे.

सगळ्या युक्तिवादाचा गाभा संमती हा आहे. सज्ञान माणूस आपल्या मर्जीने विकतो, तुम्ही आड येणारे कोण? याचे उत्तर आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच, वेगळ्या संदर्भात, देऊन ठेवले आहे. एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात न्या. भगवती यांनी म्हटले की सक्ती केवळ दंडुक्याने होत नाही. ज्याच्यापुढे भूक आणि दारिद्र्य यामुळे दुसरा पर्यायच नाही, त्याच्याकडून किमान वेतनाहून कमी पैशात घेतलेले कामही सक्तीचेच असते. लग्नगड्याची संमती, ऊसतोड बाईचा अंगठा आणि किडनी विकणाऱ्याचे प्रतिज्ञापत्र हे एकाच जातीचे कागद आहेत. पहिला कागद कायद्याने रद्द केला. तिसऱ्याला बाजारभाव लावून देणे हा त्यावरचा उपाय होऊ शकत नाही.

तरीही आजचा कायदा पुरेसा आहे, असे म्हणवत नाही. वेठबिगारीच्या १९७६ च्या कायद्याने गड्याचे कर्ज रद्द केले, त्याला मुक्त केले आणि पुनर्वसनाची जबाबदारी जिल्हा प्रशासनावर टाकली. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याने बेकायदा सावकाराने बळकावलेली जमीन मूळ मालकाला परत मिळवून देण्याची सोय केली. अवयव कायद्याच्या कलम १९ मध्ये मात्र पैसे देणारा आणि घेणारा एकाच पारड्यात आहेत. २०११ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा पाच ते दहा वर्षांची आणि दंड २० लाखांपासून एक कोटीपर्यंत. पुण्याच्या प्रकरणात तक्रार करणारी बाई स्वतःही आरोपी झाली. जमीन परत मिळते, किडनी परत मिळत नाही, आणि तक्रार करायला गेले तर तुरुंग. अशा कायद्याखाली सावकाराविरुद्ध तोंड कोण उघडेल?

म्हणून विक्री कायदेशीर करण्याची चर्चा बाजूला ठेवून आधी दोन गोष्टी व्हायला हव्यात. कर्जापायी किडनी विकलेल्या माणसाला कलम १९ च्या आरोपीच्या यादीतून काढून वेठबिगाराचा दर्जा द्यावा: त्याचे सावकारी कर्ज रद्द, आयुष्यभर मोफत तपासणी, आणि पुनर्वसन. आणि महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशिकमध्येच आहे. राज्यातल्या किडनी विकलेल्या माणसांना शोधून त्यांची आज काय अवस्था आहे याची पाहणी त्या विद्यापीठाने हाती घ्यावी. अकोला आणि चंद्रपूरपासून सुरुवात करता येईल.